ओपीडीत जाण्याआधी एवढं ऐक

अगं, सोमवारी न्यूरोच्या ओपीडीत केसपेपर काढशील, नंबर येईपर्यंत बाकावर बसशील आणि आत गेल्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळतील. तेवढ्यात डॉक्टरांना तुझा लेक दिसून दिसून किती दिसणार? रात्रीची आकडी, घास गिळताना लागणारा ठसका, सकाळी ताठ झालेले पाय हे सगळं तू बघतेस. ते त्यांच्यापर्यंत पोचवणं तुझ्याइतकं कुणालाच जमणार नाही.

आकडीचं आधी बोलू. पुन्हा आली की त्याला कुशीवर वळव, तोंडात चमचा-बिमचा काही घालू नकोस, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग. लेकरू तसं पडलेलं असताना फोन धरणं जिवावर येतं, मला कळतं. पण डोळे कुठे फिरले, झटके एकाच बाजूला होते का, हे सांगताना आपल्याकडून निम्मं सुटतं. डॉक्टरांना त्या व्हिडिओतून पुष्कळ कळतं. सुरू झाल्याबरोबर घड्याळ बघायचं. ५ मिनिटं उलटली तरी थांबली नाही, तर वाट बघत बसायचं नाही, त्याला घेऊन निघायचं. मिडाझोलामचा नाकातला स्प्रे घरी ठेवायचा का, किती फवारे द्यायचे, हे सोमवारी विचार आणि कागदावर लिहून घे.

औषध 'एक झाकण' देते असं सांगू नकोस. व्हॅल्प्रोएटचं सिरप साधारण ५ मिलीत २०० मिलिग्रॅमचं असतं, लेव्हेटिरासिटामचं १ मिलीत १०० चं. झाकणावरून त्यांना काय अंदाज येणार? बाटलीच पिशवीत टाक आणि सिरिंजने किती मिली देतेस ते सांग. डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन तिथेच करून घे. एखादा डोस उलटीत गेला असेल, कुणाच्या सांगण्यावरून काढा दिला असेल, तेही सांग. ओरडतील म्हणून लपवलंस, तर ते चुकीच्या हिशेबावर औषध वाढवतील.

फाइलमध्ये जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड हवंच. खुब्याच्या एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, फिल्मही ने. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू सरकू शकतो आणि जुनी-नवी फिल्म शेजारी धरली की फरक लगेच दिसतो. ईईजी सांगितला तर त्याआधी डोकं स्वच्छ धुवायचं, तेलाचा थेंब लावायचा नाही. झोपेतला ईईजी असेल तर रात्री किती वाजेपर्यंत जागं ठेवायचं ते विचार. त्या दिवशीचा डोस मात्र आपल्या मनाने चुकवू नकोस.

प्रश्न तीनच लिही, आणि मनात सगळ्यात जड असलेला पहिला. 'चालेल का हो कधी?' हे बहुतेक आया निघताना दाराशी विचारतात, तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो. हा प्रश्न खुर्चीत बसल्याबसल्या विचारायचा. फक्त त्याच्यादेखत नको. त्याला बोलता येत नाही, पण कळत नाही असं समजू नकोस. त्याला भावोजींबरोबर थोडा वेळ बाहेर पाठव. आणि घरून निघतानाच त्याला सांग, कुठे चाललोय, कोण तपासणार, दुखेल का. डॉक्टरांनाही सांग, त्याच्याशी बोला म्हणून. बरेच जण मग आवर्जून बोलतात.

भावोजींना रजा घ्यायला लावच. मूल मांडीवर रडत असताना कानावर पडलेलं घरी पोचेपर्यंत राहत नाही. एकाने त्याला धरायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि उठण्याआधी लिहिलेलं डॉक्टरांना वाचून दाखवायचं.

हो, आणि बिलं फेकू नकोस. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, त्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही येतो. त्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेव, पुढच्या रविवारी मी येते, फॉर्म बसून भरू.