आज्याची भावंडे

वंशावळ लिहिताना बाप, आजा, पणजा अशी सरळ ओळ धरून आज्याची भावंडे गाळणे, ही चूक आम्ही मोहर्लीकडे वारंवार पाहतो. गोंड बांधवांत समान देवसंख्येची कुळे आडनाव निराळे असूनही भाऊबंद मानितात. तथापि त्यावरून रक्ताची शाखा ठरत नाही. ती कोतवाल बुकात शोधावी. एकाच बापाच्या नावावरील सर्व जन्मनोंदी उतरून घ्याव्या. पुष्कळदा केवळ ‘मुलगी झाली’ एवढेच असते; तेथे वृद्ध आत्याबाईंस विचारावे. सलाफहादाच्या पाचही मुलींची नावे शास्त्रात आहेत, कारण प्रश्न वतनाचा होता (गणना २७). येथेही जमिनीचाच आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये आदिवासी नसलेल्या कुटुंबास १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. आज्याची नोंद न मिळाल्यास त्याच्या भावाची कामी येऊ शकते. मात्र दोघांचा बाप एकच, हे दाखविता आले पाहिजे.