दुसऱ्या वर्षाची भूक

"डॉक्टर, पोट कापून टाकलं तरी भूक लागूनच राह्यली. असं काहून?"

खुर्चीत बसता बसताच ताईंनी विचारलं. वजन कमी करण्यासाठी केलेली स्लीव्हची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झालेलं. वजन 112 वरून 78 वर आलं होतं, आता काटा 83 दाखवत होता. सहा महिन्यांनी तपासणीला या म्हटलं होतं, त्या आल्या वर्षाने. का, तर "वाढलेलं वजन पाहून तुम्ही रागवाल."

2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वऱ्हाडातल्या कट्ट्यांवरही तिची चर्चा रंगली. आता अमरावती-अकोल्यात ही शस्त्रक्रिया झालेले लोक आपल्या ओळखीतच निघतात. पहिल्या वर्षाचे फोटो सगळे दाखवतात. दुसऱ्या वर्षाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात. त्यात जठराचा वरचा फुगीर भागही जातो. भूक जागवणारं ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 मध्ये शोधून काढलं. तो भाग गेला की ग्रेलिन एकदम खाली येतं. म्हणून पहिले काही महिने घड्याळ पाहून जेवावं लागतं, ताट समोर आलं तरी इच्छा होत नाही. पण शरीर हट्टी असतं. गेलेलं वजन म्हणजे आपल्यावर आलेला दुष्काळ, असंच ते समजतं. मग ते खर्च आवरतं आणि हळूहळू भुकेची हाक पुन्हा देऊ लागतं. जठराची उरलेली नळीही थोडी सैलावते. वर्ष-दीड वर्षाने भूक परतली म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली असं नाही, आणि तुमची जीभ चटोर झाली असंही नाही.

थोडं वजन परत येणं हेही ठरलेलंच. स्वीडनमध्ये 1987 मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत जठराचं बायपास, म्हणजे वजन कमी करण्याची दुसरी शस्त्रक्रिया, झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परतलं, बरंचसं गेलं ते गेलंच. तेव्हा तळाच्या आकड्यापेक्षा दोन-चार किलो वाढले तर घाबरू नका. महिन्यामागून महिना काटा चढतच राहिला, तर मात्र लपवू नका.

ताईंना मी विचारलं, जेवता काय? अर्धी भाकरी, दोन घास भाजी, बस. खरंच तेवढंच. मग पाच किलो आले कुठून? त्यांचं किराणा दुकान आहे. गल्ल्याशेजारी शेवेची बरणी. गिऱ्हाईक नसलं की चिमूटभर शेव, दिवसभर. "चिमूटभरच हो डॉक्टर!" मी टेबलावर कागद पसरला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या चिमटी अंदाजाने मांडायला सांगितल्या. ढीग पाहून त्या स्वतःच हसल्या.

गोम इथेच आहे. लहान जठर घट्ट अन्नाला अडवतं. उकडलेलं अंडं, पनीर, कोंबडीचा तुकडा, घट्ट वरण हे तिथे थांबतं, आणि चार घासांत पोट "पुरे" म्हणतं. शेव, चिवडा, बिस्किटं लाळेत विरघळतात आणि नळीतून सरळ खाली घसरतात. शेगावची कचोरी चहाबरोबर अशीच जाते. आपल्या अमरावतीचा गिला वडा तर दह्यात भिजून आधीच मऊ झालेला असतो. पोट भरल्याची खूणच मिळत नाही, मग हात थांबणार कसा?

जेवताना पाणी पिण्याची सवय हेच काम करते. पाण्यासोबत घास लवकर खाली सरकतो आणि तासाभरात पुन्हा भूक लागते. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. पण तहान पुष्कळदा भुकेचं सोंग घेऊन येते, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये घोट-घोट पाणी चालूच ठेवा. पाणी किंवा पातळ ताक. रसवंतीवरचा उसाचा रस आणि वाटीवाटीने आमरस मात्र नको. बायपास झालेल्यांना तर एवढ्या साखरेने घाम, धडधड, चक्कर असा त्रासही होतो. दारूही नकोच, या पोटात ती फार लवकर चढते.

ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, भाकरी शेवटी. दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास, तीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 15. गंमत बघा, आपल्याकडे वावरभर सोयाबीन अन् तूर, आणि ताटात वरण म्हणजे पिवळं पाणी! डाळ घट्ट शिजवा. घास लहान घ्या, चावून चावून खा, जेवणाला वीस मिनिटं द्या. जेवता जेवता उचकी लागली, नाक वाहू लागलं किंवा खोल सुस्कारा आला, की समजा पोट भरलं. त्यानंतरचा घास जाचतो.

रोडग्यांच्या पंगतीत काय करायचं, हे हमखास विचारतात. जा, बसा. आधी वाटीभर घट्ट वरण घ्या, वांग्याच्या भाजीची तर्री बाजूला सारा, रोडग्याचा कडक पापुद्रा तोंडात घोळवा. जावईबापू म्हणून कोणी तुपाची धार धरलीच, तर ताटावर हात आडवा धरा. वाढणारा दोनदा आग्रह करतो, तिसऱ्यांदा पुढच्या पानाकडे वळतो.

एवढं करूनही वजन चढत असेल तर इलाज आहेत. जठराची नळी फार सैलावली आहे का ते तपासता येतं. भूक कमी करणारी नवी इंजेक्शनंही आता भारतात मिळतात. मात्र ती मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने टोचून घेऊ नका. उलट्या थांबत नसतील, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा पोट एकदम दुखू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. बायपास झालेल्यांनी अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, व्रण होतात.

ताई तीन महिन्यांनी आल्या. शेवेची बरणी आता दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, नोकराच्या ताब्यात आहे. गल्ल्याशेजारी फुटाणे, तेही मोजून मूठभर. वजन दोन किलोंनी उतरलेलं. पण रक्तात बी-12 आणि लोह कमी निघालं. शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या जीवनसत्त्व-लोहाच्या गोळ्या घेत नाही का, विचारलं. घेतात, पण सोमवार, गुरुवार आणि एकादशीला नाही, उपवास असतो. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मात्र दोन वेळा, आणि ती घसरणाऱ्या पदार्थांतच मोडते. मी चिठ्ठीवर लिहून दिलं: उपवासाला दही, पनीर आणि थोडे शेंगदाणे. आणि खाली ठळक अक्षरात, गोळी उपवासाला चालते.