एक वही, चार लेखण्या

साहित्याच्या विद्यार्थिनीने प्रोसेसरवर लेख लिहावा, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मागच्या सत्रात माझा निबंध याच विषयापाशी अडला, म्हणून हा छोटासा पाठ.

आपल्या मंडळाच्या जुन्या अंकांत कोणता शब्द किती वेळा येतो, हे मला मोजायचं होतं. त्यासाठी जावा भाषेत प्रोग्राम लिहिला. लॅपटॉपला चार कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे चार मेंदू आहेत. म्हटलं, चारही कामाला लावू. प्रत्येकाला वेगळे अंक वाचायला दिले, मोजणी मात्र एकाच तक्त्यात. ‘घर’पेक्षा ‘आई’ जास्त वेळा आली. मी लगेच त्यावर निष्कर्षही लिहून टाकला. मग सहज पुन्हा चालवून पाहिलं, तर आकडे वेगळेच! मजकूर तोच, प्रोग्रामही तोच.

चूक कुठे होती? आपल्या सुरतच्या कापड मार्केटमधलं एखादं गोदाम डोळ्यांसमोर आणा. वहीत ‘४० ताके’ लिहिलंय. दोन कारकून एकेक ताका घेऊन एकदमच येतात. दोघंही ४० वाचतात, मनात एक मिळवतात आणि ४१ लिहितात. ताके आले दोन, वहीत चढला एकच. वाचणं, मिळवणं, लिहिणं या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा घुसला. याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

इथे दोन शब्द वेगळे ठेवूया. यंत्रमागाच्या कारखान्यात एकच कारागीर अनेक माग सांभाळतो; इथला धागा जोडला की तिकडे धावतो. ही ‘कॉन्करन्सी’. चार कारागीर खरोखर एकाच क्षणी धागे जोडत असतील, तर ती ‘पॅरललिझम’. अनेक कोअर आले, की दोन्ही एकत्र सांभाळावं लागतं.

मग वहीचं काय करायचं? प्रत्येक भाषेचं उत्तर निराळं आहे. जावा म्हणते, वहीला कुलूप लावा. किल्ली ज्याच्याकडे, तोच लिहील. पण कुलूप लावायचं लक्षात ठेवणं आपल्यावर, आणि मी नेमकी तिथेच विसरले. नेहमीच्या पायथॉनमध्ये एका प्रोसेसमधले कितीही थ्रेड असले, तरी एका वेळी एकच थ्रेड पायथॉनचा कोड चालवतो. म्हणून नुसत्या मोजणीच्या कामात चार कोअरचा फायदा मिळत नाही. हे बंधन नसलेली आवृत्ती २०२४ साली पायथॉन ३.१३ सोबत प्रयोग म्हणून आली. रस्ट तर अशी असुरक्षित वाटणी दिसली, की प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये जन्मलेली अरलँग वेगळीच वाट धरते: सामाईक वही नकोच, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवा. गूगलची गो भाषासुद्धा शक्यतो हाच मार्ग सुचवते.

ही चिठ्ठ्यांची वाट आपल्या मराठी मुलखातूनही गेली आहे. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर होते. प्रत्येकाची स्मृती स्वतःची. दुसऱ्याशी बोलायचं ते निरोप धाडूनच. गंमत म्हणजे ट्रान्सप्युटरसाठी जी खास भाषा घडवली, तिचं नाव ‘ऑकम’. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या फ्रान्सिस्कन तत्त्ववेत्त्यावरून ते ठेवलं. गरजेपेक्षा जास्त गोष्टी मानू नका, हा विचार त्याच्या नावाने ओळखला जातो.

मीही शेवटी तेच केलं. चारही कोअरना आपापली कोरी वही दिली आणि सगळ्यांचं मोजून झाल्यावर शेवटी एकदाच बेरीज केली. दहा वेळा चालवलं, दहाही वेळा तेच आकडे आले. फक्त आता ‘घर’ पुढे होतं आणि ‘आई’ मागे. निबंधाचं एक अख्खं पान खोडावं लागलं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, संगणकाने दिलेला आकडा निबंधात उतरवण्याआधी प्रोग्राम एकदा एकाच कोअरवर चालवून बघा आणि उत्तर ताडून घ्या. चुकलेला प्रोग्राम दर वेळी ओरडून सांगत नाही. कधीकधी तो अगदी शांतपणे चुकीचा आकडा देतो, आणि खाली नाव आपलं असतं.