सही करण्याआधी



मागच्या गुरुवारी पोथी झाल्यावर सौंसरकडच्या एक ताई थांबल्या. थैलीतून फाईल काढून म्हणाल्या, "माझं काय काय काढलं, ते वाचून सांगा जी." गर्भपिशवी काढली हे त्यांना ठाऊक होतं. दोन्ही अंडाशयंही काढली, हे आम्ही कागद वाचला तेव्हा कळलं. वय बेचाळीस. अंगातून वाफा निघतात, झोप नाही, आणि घरचे म्हणतात नामात मन लागत नाही म्हणून असं होतं! सही यजमानांची. "डॉक्टर म्हणे इथं करा, यायनं केली. मले कोणी पुसलंच नाही."

म्हणून या वेळचा अभ्यास संमतीवर.

असाच एक खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. समीरा कोहली नावाच्या बाई 1995 साली दिल्लीत तपासणीसाठी गेल्या. सही केली ती दुर्बिणीच्या तपासणीसाठी. भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली. 16 जानेवारी 2008 ला कोर्टाने सांगितलं की बाई सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तर शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची सही चालत नाही. (मग नवऱ्याची तरी कशी चालेल?) तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. काय करणार, कशासाठी, दुसरा उपाय आहे का, धोका कोणता, नाही केलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी आधी सांगायचं. भरपाई मात्र पंचवीस हजारच मिळाली. आम्हाला ती थोडीच वाटली.

बीडचं तर आपण बातम्यांत ऐकलंच. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला की मजुरी कापणार, फडात आडोसा नाही, वरून कॅन्सरची भीती घातलेली. अशा बाईने "हो" म्हटलं, तर तो होकार कितपत तिचा?

आपल्याकडे आणखी एक अडचण. घरात मराठी, सरकारी दवाखान्यात हिंदी, आणि नागपूरला गेलं की फॉर्म इंग्रजीत. नसबंदी शिबिरांच्या खटल्यात 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सही किंवा अंगठा घेण्याआधी कागद स्थानिक भाषेत समजावून द्यावा. आपण निदान "मराठीत सांगा" एवढं तरी म्हणावं.

काही जण म्हणतात, डॉक्टर देवासारखा, त्याला काय विचारायचं! पण अर्जुनाने तर प्रत्यक्ष भगवंताला अठरा अध्याय प्रश्न विचारले. भगवंत रागावले नाहीत. सगळं सांगून झाल्यावर निर्णय त्याच्यावरच सोपवला.

त्या ताईंना आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. हाडांची तपासणी सांगितली आहे, गोळ्याही सुरू झाल्या. या वेळी प्रत्येक गोळी कशाची, हे ताईंनी स्वतः विचारून वहीत लिहून घेतलं.

येत्या गुरुवारी पोथीनंतर अर्धा तास आम्ही थांबणार आहोत. ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे त्यांनी फाईल आणावी, कागद मोठ्याने वाचू आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देऊ. यजमानांनाही सोबत आणावं.