रंग सगळ्यात शेवटी

चि. निनाद यास,

फोटो मिळाले. आजोबांची डिझेल अँबेसिडर बारा वर्षांनी पडवीतून अंगणात आली आणि चिरंजीवांनी पहिल्याच रविवारी तिचे दिवे, बंपर, आरसे काढून ओटीवर मांडले, हे पाहून मामाला हसू आले आणि घामही फुटला. खोलणे सोपे असते. कुठला स्क्रू कुठला, हे पावसाळा सरेपर्यंत कोणालाच आठवत नाही. सोबत रंगाच्या शेड-कार्डाचाही फोटो होता. ते कार्ड सध्या आजीकडे कुलपात ठेवायला द्यावे.

या गाडीची मूळ रचना ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्डची. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती २०१४ पर्यंत बनत होती. आजोबांच्या गाडीत बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या रचनेचे १४८९ सीसीचे डिझेल इंजिन आहे. ताकद जेमतेम ३७ अश्वशक्ती, म्हणजे आजची चारशे सीसीची मोटारसायकलही तिला मागे टाकेल. पण कॉम्प्रेशन २३ ला १. एवढी दाबलेली हवा इतकी तापते की डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही, म्हणून संशयितही मोजकेच: डिझेल स्वच्छ येते का, मध्येच कुठे एअर धरते का, नोझल फवारा मारते की नुसती गळते, आणि सिलिंडरात दाब टिकतो का. इंजिन उतरवण्याची भाषा या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर करावी.

सुरुवात टाकीपासून. बारा वर्षांत टाकीच्या तळाशी पाणी साठलेले असणार, आणि पाणी नि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशी वाढून काळा, बुळबुळीत गाळ होतो. टाकी उतरवून धुवावी, रबरी पाइप सरसकट बदलावेत, फिल्टर नवा घालावा. हा गाळ एकदा पंपात शिरला की खर्चाला तळ राहत नाही.

चावी मात्र इतक्यात फिरवू नये. चारही नोझल काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे इंजिन ऑइल सोडावे, दोन दिवस थांबावे, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. अडले तर जोर करू नये, पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. मामाच्या ओळखीतल्या एकाने उतावीळपणे गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढली. अडकलेली रिंग तुटली, लायनरवर ओरखडे उठले आणि आठवड्याचे काम वर्षावर गेले.

काढलेल्या नोझल घरी उघडण्याचा मोह टाळावा. त्यांतली सुई आणि तिचे घर यांतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. घासलेटात बुडवून ब्रश मारण्याचे ते काम नव्हे. ट्रॅक्टरांच्या जिवावर तालुक्याच्या गावी पंप-नोझल टेस्टिंगचे दुकान चालतेच, तिथे न्याव्यात. मशीनवर फवारा पाहावा, पण हात लांब ठेवून. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते. वर टाचणीच्या टोकाएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरते. तसे झालेच तर दुखो न दुखो, तडक इस्पितळ गाठावे. नोझल परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घालावेत.

मग एअर काढून, हीटर प्लग तपासून स्टार्टर मारावा आणि धूर वाचावा. थंड इंजिनाचा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. हीटर, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन पाहावे. निळा म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि तेव्हा आधी एअर क्लीनर उघडावा, कारण त्यात उंदरांनी संसार थाटलेला सापडू शकतो.

एक धोका मात्र पाठ करून ठेवावा. झिजलेले डिझेल इंजिन कधीकधी स्वतःचेच ऑइल ओढून पेटवते आणि डिझेल बंद केले तरी वेग वाढवतच जाते. चावीचा तिथे काही उपयोग नाही. हवा तोडावी लागते. पहिल्या स्टार्टच्या वेळी एअर क्लीनर काढून ठेवावा आणि हवेच्या तोंडावर घट्ट बसेल अशी जाड फळी हाताशी असावी. तळहात लावायचा नाही!

इंजिन लागले म्हणून गाडी रस्त्यावर नेऊ नये. ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर नि त्यांची रबरे बदलल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नये, स्टँड लावावेत. पत्र्याचे तर आणखी वेगळे आहे. अँबेसिडरला जीपसारखी सुटी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. कोकणच्या खाऱ्या वाऱ्याने दाराखालचे पत्रे आणि फरशी खाल्ली असेल, तर पुट्टी भरणे ही शुद्ध फसवणूक. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा.

आरटीओचे कागद आतापासूनच काढावेत. नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटली, त्यामुळे तपासणी, नूतनीकरण, पर्यावरण कर आणि पीयूसीतली धुराची चाचणी, सगळेच आले. व्हिंटेज नंबरची आशा आत्ता नको. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडीने पन्नाशी ओलांडलेली लागते.

सोबत तांब्याच्या वॉशरची पुडी आणि मामाची फीलर गेज पाठवली आहे. गेज परत हवी आहे, गेल्या वेळचा बारा-तेराचा पाना अजून आलेला नाही.

— मामा