बुरशीजन्य संसर्ग आणि संयुक्त औषधोपचार

जिवाणूंमधील औषधप्रतिरोधाची चर्चा सर्वत्र होते. परंतु रोगकारक बुरशीही औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत, याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा १९ बुरशींची अग्रक्रम यादी प्रथमच प्रसिद्ध केली. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स, कॅन्डिडा ऑरिस, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस व कॅन्डिडा अल्बिकन्स या चार बुरशी त्यातील अतिगंभीर गटात आहेत.

उपचारातील अडचण

बुरशीची पेशी मानवी पेशीप्रमाणेच दृश्यकेंद्रकी असते. त्यामुळे बुरशीला मारणारे द्रव्य रुग्णालाही अपाय करू शकते. परिणामी औषधांचे मोजकेच वर्ग उपलब्ध आहेत :

१) पॉलिइन (अ‍ॅम्फोटेरिसिन-बी) – पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला बांधले जाऊन पटल दुबळे करते; मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकते.
२) अझोल (फ्लुकोनॅझोल) – एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखते.
३) एकिनोकॅन्डिन – पेशीभित्तिकेतील ग्लुकान तयार होऊ देत नाही.
४) फ्लुसायटोसिन – डीएनए व प्रथिनांच्या निर्मितीत अडथळा आणते.

संयोगाचे तत्त्व आणि चेन्नई

एका औषधाला दाद न देणारी पेशी उत्परिवर्तनाने क्वचित निर्माण होते. दोन भिन्न मार्गांच्या औषधांना एकाच वेळी दाद न देणारी पेशी त्याहून कितीतरी दुर्मिळ असते. या तत्त्वाचा भक्कम पुरावा क्षयरोगाच्या संदर्भात चेन्नईतच मिळाला. १९५६ मध्ये तत्कालीन मद्रास येथे स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राच्या, १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आयसोनियाझिडपेक्षा आयसोनियाझिड व पीएएस यांचा संयुक्त उपचार अधिक परिणामकारक ठरला.

याच शहरात १९८६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील एचआयव्हीचे पहिले रुग्ण शोधले. मूळच्या गायतोंडे असलेल्या डॉ. सोलोमन या चेन्नईतील महाराष्ट्रीय कुटुंबातील होत. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत क्रिप्टोकॉकसमुळे होणारा मेंदूज्वर प्राणघातक ठरतो. संयुक्त उपचाराची खरी कसोटी याच रोगात लागली.

पुरावा काय सांगतो?

फ्लुसायटोसिन एकटे दिल्यास बुरशी त्याला झपाट्याने प्रतिरोधक बनते. म्हणून ते अन्य औषधाच्या जोडीनेच दिले जाते. व्हिएतनाममधील २९९ रुग्णांवरील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ अ‍ॅम्फोटेरिसिन दिलेल्या गटात ७० दिवसांत ४४ मृत्यू झाले. फ्लुसायटोसिनची जोड दिलेल्या गटात ३०. मात्र फ्लुकोनॅझोलची जोड दिल्याने मृत्यूंमध्ये तशी निश्चित घट दिसली नाही. म्हणजेच कोणतीही दोन औषधे एकत्र केल्याने लाभ होतोच असे नाही. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना या रोगासाठी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनची एकच मोठी मात्रा आणि १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल अशी पद्धत सुचवते.

अविवेकी संयोगाचा धोका

संयोगाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. गजकर्णावर स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे सर्रास वापरली गेली. स्टेरॉइडने खाज थांबते, पण त्वचेची प्रतिकारक्षमता दबून बुरशी पसरते. टर्बिनाफिनला बहुधा दाद न देणारी, भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेली. केंद्र शासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ निश्चित मात्रा संयुक्त औषधांवर बंदी घातली.

धोरणात्मक दिशा

ऑगस्ट २०१२ मध्ये वैद्यकीय संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या 'चेन्नई जाहीरनाम्या'ने प्रतिजैविकांच्या विवेकी वापराचा आराखडा मांडला. २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू झाली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. बुरशींसाठीही हीच शिस्त आवश्यक आहे : प्रयोगशाळेत प्रजातीची अचूक ओळख, औषधसंवेदनशीलतेची चाचणी आणि पुराव्यावर आधारित संयोग. औषधांचे वर्ग मोजके असल्याने त्यांतील एकही गमावणे परवडणारे नाही.

सरावासाठी प्रश्न : संयुक्त औषधोपचार औषधप्रतिरोध रोखू शकतो, तसेच वाढवूही शकतो. उदाहरणांसह चर्चा करा.