केळीच्या विद्येचा प्रवास : युरोप, कॅरिबियन आणि खानदेश

सावदा, फैजपूर, यावल, रावेर या तापीखोऱ्यातील पट्ट्यात बसराई केळीच्या जागी गेल्या तीन दशकांत 'ग्रँड नैन' ही जात मोठ्या प्रमाणावर आली. शेतकरी तिला 'जी-नाईन' म्हणतो, आणि हे नाव आता खानदेशी बोलीचाच एक भाग होऊन बसले आहे. वस्तुतः ते फ्रेंच नाव असून त्याचा अर्थ 'मोठी बुटकी' असा होतो. बुटक्या बसराईपेक्षा थोडी उंच, म्हणून मोठी बुटकी. मार्टिनिक आणि ग्वादलूप या कॅरिबियन समुद्रातील फ्रेंच बेटांवरही हीच जात पिकते. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्या केळीविषयीचे शास्त्र कोठे घडले, कोणी घडविले आणि ते घडविणारे विद्यार्थी कोठून कोठे गेले, याची माहिती आपल्या शाळा-महाविद्यालयांत फारशी सांगितली जात नाही. ती येथे थोडक्यात दिली आहे.

त्रिनिदादचे महाविद्यालय

उष्ण कटिबंधातील पिकांचे शिक्षण लंडन वा केंब्रिजच्या थंड हवेत पुरे होऊ शकत नाही, हे ब्रिटिश राज्यकर्त्यांस विसाव्या शतकाच्या आरंभी उमगले. १९२१ मध्ये त्रिनिदाद बेटावरील सेंट ऑगस्टीन येथे एक कृषी महाविद्यालय स्थापन झाले. पुढे ते 'इम्पीरियल कॉलेज ऑफ ट्रॉपिकल ॲग्रिकल्चर' या नावाने प्रसिद्धीस आले. वसाहतींच्या शेतीखात्यांसाठी निवडलेला शिष्यवृत्तीधारक पदवीनंतर पहिले वर्ष केंब्रिजला काढी, दुसरे त्रिनिदादला, आणि मग आफ्रिकेत किंवा मलायात नोकरीवर रुजू होई. एकाच अभ्यासक्रमाची दोन वर्षे दोन खंडांत, ही आज नवी वाटणारी व्यवस्था शंभर वर्षांपूर्वी केवळ प्रशासनाची गरज म्हणून निर्माण झाली होती.

याच काळात कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका यांतील केळीबागांवर पनामा रोगाचे संकट कोसळले. हा मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ती जमिनीत राहते, मुळांवाटे खोडात शिरते आणि पाण्याचा मार्ग कोंडून झाड वाळवते. निर्यातीसाठी लावली जाणारी 'ग्रो मिशेल' ही जात तिच्यापुढे टिकेना. म्हणून १९२२ पासून त्रिनिदादला केळीच्या संकरित पैदाशीचे काम सुरू झाले. काम चिकाटीचे होते, कारण खाण्याच्या केळीला बी नसते. अनेक घड तपासावे तेव्हा मोजके बी हाती लागते. या कामात चीझमन, सिमंड्स, शेफर्ड यांसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांची हयातीतील उमेदीची वर्षे गेली.

सिमंड्स व शेफर्ड यांनी १९५५ मध्ये लागवडीखालील केळींचे जे वर्गीकरण मांडले, ते आजही जगभर मानले जाते. दोन रानटी जातींपासून आलेल्या वारशास त्यांनी 'ए' आणि 'बी' ही अक्षरे दिली. त्यानुसार बसराई व ग्रँड नैन या दोन्ही 'ए-ए-ए' गटातल्या, सफेद वेलची 'ए-बी' आणि राजेळी 'ए-ए-बी' गटातली ठरते. बसराई आणि ग्रँड नैन एकाच कॅव्हेंडिश कुळातल्या आहेत, ही गोष्ट या अक्षरांवरून शेतकऱ्यास समजावून देता येते. तिचे महत्त्व पुढे येणारच आहे.

बेटांचे स्वतःचे विद्यापीठ

या देवघेवीत एक मोठी विषमता होती. प्रवास करणारा विद्यार्थी बहुधा युरोपियन असे. बेटावरचा माणूस बागेत मजूर आणि कचेरीत फार तर कारकून. ही स्थिती पालटण्यास १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जमैकातील मोना येथे वेस्ट इंडीजचे विद्यापीठ-महाविद्यालय लंडन विद्यापीठाच्या विशेष सहकार्याने सुरू झाले. पदवी लंडनची, वर्ग जमैकात, अशी ती योजना होती. १९६० मध्ये त्रिनिदादचे कृषी महाविद्यालय या संस्थेत विलीन झाले आणि १९६२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पहिले कुलगुरू आर्थर ल्यूइस हे सेंट लुसिया या चिमुकल्या बेटाचे सुपुत्र. शाळा लवकर आटोपल्याने त्यांनी काही काळ सरकारी कारकुनी केली, मग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका शिष्यवृत्तीचे फळ म्हणून एका प्रदेशास त्याचा कुलगुरू मिळाला, हे हिशेबात धरण्याजोगे आहे.

फ्रेंच बेटांची वाट वेगळी. मार्टिनिक व ग्वादलूप हे फ्रान्सचेच भाग असल्याने तेथील विद्यार्थ्यास १९८७ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय 'इरास्मस' योजनेचे दार आपोआप खुले झाले. दरम्यान केळीविद्येचे एक मोठे केंद्र युरोपात उभे राहिले होते. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात १९८५ पासून जगभरच्या केळी वाणांचा संग्रह नळ्यांमध्ये जिवंत ठेवला जातो. आज त्यात १५०० हून अधिक नमुने आहेत. ज्या देशात केळीची एकही बाग नाही, तेथे केळीचा सर्वांत मोठा ठेवा असावा यात विसंगती दिसते खरी. परंतु केळीचे रोग तेथल्या हवेत बागेवाचून पसरू शकत नाहीत, हेच त्या जागेचे बलस्थान आहे.

खानदेशची बाजू

खानदेशातील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी घर सोडणे नवीन नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची, नंतर १९४९ पासून पुणे विद्यापीठाची पदवी त्याने घेतली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. कृषी शिक्षण मात्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे आणि जळगावचे केळी संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचे.

प्रवाह नेहमी बाहेरच वाहिला असेही नाही. अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले, तेव्हा दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान खानदेशात येऊन राहिले. बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य १९३३ ते १९३५ या काळात तेथे संचालक होते. साने गुरुजीही प्रथम याच संस्थेत शिकावयास आले होते. तालुक्याच्या गावी उत्तम संस्था उभी राहिली की दूरचा माणूस तेथवर येतो, याचा हा घरचाच पुरावा होय.

परंतु केळीच्या विद्येत खानदेश आजवर मुख्यतः घेणारा राहिला. आता तेवढ्यावर भागणार नाही. ग्रो मिशेलला संपविणाऱ्या बुरशीपुढे कॅव्हेंडिश कुळ टिकले, म्हणून जगाने ते स्वीकारले. पण त्या बुरशीचा 'ट्रॉपिकल रेस फोर' हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात आढळला. भारतात बिहार, उत्तर प्रदेश आणि गुजरातेतील सुरत भागातून त्याची नोंद झाली आहे, आणि सुरत धुळे जिल्ह्यापासून दूर नाही. ही बुरशी जमिनीत अनेक वर्षे तग धरते, औषधाने निघत नाही, मुनव्यांबरोबर, अवजारांना चिकटलेल्या मातीतून आणि पाण्यातून पसरते. बसराई काढून ग्रँड नैन लावल्याने बचाव होणार नाही, कारण कूळ एकच. ज्या विद्यापीठांत या बुरशीला दाद न देणाऱ्या वाणांचा शोध चालू आहे, तेथे रावेर-यावलची माती ओळखणारा विद्यार्थी असणे ही आता केवळ त्याच्या घरच्या आनंदाची बाब राहिलेली नाही.

उपलब्ध मार्ग

केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी विकास विभागाची योजना वेगळी असून साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील मुलांना तिची विशेष माहिती हवी. जागांची संख्या, उत्पन्नमर्यादा व विद्यापीठाच्या क्रमवारीची अट वेळोवेळी बदलते. म्हणून त्या त्या वर्षाची जाहिरात पाहूनच सल्ला द्यावा.

युरोपीय संघाची 'इरास्मस मुंडस' योजना २००४ पासून चालू आहे व ती भारतीय विद्यार्थ्यांनाही खुली आहे. तिच्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात किमान दोन देशांत शिकावे लागते. २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे शिष्यवृत्ती दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळते. शेती, अन्न व वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक्रमही तिच्यात असतात. अर्ज सरळ अभ्यासक्रम चालविणाऱ्या विद्यापीठांकडे करावयाचा असतो.

शिष्यवृत्तीच्या मुदतीचा व अटींचा विचार आधीच व्हावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मिळाली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि तो पुरा करण्यासाठी १९२० मध्ये, स्वतःची शिल्लक व शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन, पुन्हा जावे लागले.

ग्रामीण विद्यार्थ्याची गाडी बहुतेक वेळा गुणांवर नव्हे, कागदांवर अडते. पारपत्र, जातीचा दाखला व त्याची पडताळणी, उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला, विद्यापीठाकडून मिळणारी सर्व वर्षांची अधिकृत गुणपत्रके आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, यांपैकी एकेका कागदास महिने लागतात. शाळेच्या दाखल्यातील व आधारपत्रातील नावांत एका अक्षराचा फरक असला तरी सारे खोळंबते. तो फरक दहावीच्याच वर्षी शिक्षकाने दाखवून दिला तर पुढचे हेलपाटे वाचतात. इरास्मसच्या बहुतेक अर्जांची मुदत ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडते. खानदेशात तेव्हा कांदेबागेची लागवड चालू असते व घरचा शिकलेला मुलगा वा मुलगी शेतावर गुंतलेली असते. कागदांची जुळवाजुळव त्यापूर्वी, मृगबाग लागून मोकळीक मिळताच, श्रावणाच्या आत उरकलेली बरी.